महामारीत शरीर जपायचं आणि विश्वासही: ख्रिस्ती कुटुंबांसाठी आणि मंडळ्यांसाठी मार्गदर्शन

साथ पसरू लागली की मंडळीत पहिला वाद ठरलेला असतो. कुणी म्हणतं, "प्रभू राखणारा असताना मास्क आणि लस कशाला?" आणि कुणी इतकं धास्तावतं की आजारी बहिणीला साधा फोन करायचंही सुचत नाही. दोघंही प्रामाणिक असतात. दोघांनाही असं उत्तर हवं असतं जे रोजच्या वागण्यात उतरेल: उपासनेला जायचं की घरी थांबायचं, खिडक्या उघडायच्या की दार लावायचं, शेजारी कुणी तापाने फणफणलं असेल तर त्याच्या दारात कसं उभं राहायचं. कोरोनासारखा श्वासावाटे पसरणारा आजार डोळ्यांपुढे ठेवून हा लेख लिहिला आहे. दुसरी एखादी साथ आली तर आरोग्याचे तपशील बदलतील, निर्णय घेण्याची रीत मात्र तीच राहील.

१. आधी स्तोत्र ९१ नीट वाचा

साथीच्या दिवसांत सर्वांत जास्त पाठवलं जातं ते स्तोत्र ९१. काळोखात फिरणारी मरी, भर दुपारी नाश करणारी पटकी, यांची तुला भीती वाटणार नाही, असं ते सांगतं. हे स्तोत्र पाठ करावं, आजाऱ्याच्या उशाशी म्हणावं. पण त्याच बैठकीत मत्तय ४ देखील उघडावं. सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी उभं करतो, खाली उडी टाक म्हणतो, आणि आधार देतो तो नेमका याच स्तोत्राचा: देव आपल्या दूतांना आज्ञा देईल, ते तुला हातांवर झेलतील. येशू उत्तर देतो ते अनुवाद ६:१६ मधलं. परमेश्वर तुझा देव ह्याची परीक्षा पाहू नको. पित्यावरचा त्याचा भरवसा तसूभरही कमी नव्हता, आणि तरी त्याने उडी टाकली नाही. सुरक्षिततेचं वचन हाताशी धरून मुद्दाम धोका ओढवून घेणं याला शास्त्र विश्वास म्हणत नाही. हा फरक आधी घरात सगळ्यांना समजला पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावर उभ्या आहेत.

काहींच्या मनात आणखी एक काटा असतो: औषध घेतलं म्हणजे विश्वास कमी पडला की काय? हिज्कीया राजाचं उदाहरण बघा. देवाने त्याचं आयुष्य पंधरा वर्षांनी वाढवलं, आणि तरी यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांची चांदकी, म्हणजे लेप, बांधायला लावली (२ राजे २०). पौलाच्या हातून कितीतरी जण बरे झाले, पण त्रफिम या सोबत्याला त्याने मिलेत शहरात आजारी ठेवूनच पुढचा प्रवास केला (२ तीमथ्य ४:२०). त्याचा सहकारी एपफ्रदीत मरता मरता वाचला, तेव्हा पौलाने त्याच्या विश्वासाची झडती घेतली नाही. देवाने माझ्यावर दया केली, नाहीतर दुःखावर दुःख आलं असतं, असं लिहिलं. आणि त्याच पौलाचा सोबती लूक वैद्य होता. डॉक्टरकडे जाणं आणि गुडघे टेकणं ही दोन्ही कामं एकाच दिवशी, एकाच विश्वासाने करता येतात.

या प्रश्नाचा सविस्तर विचार मार्टिन लूथरने १५२७ मध्ये केला. विटेनबर्गमध्ये प्लेग शिरला, विद्यापीठ दुसऱ्या गावी हललं, त्यालाही निघून जायला सांगण्यात आलं. तो आणि त्याची पत्नी कॅथरीना, जी तेव्हा गरोदर होती, मागे राहिले आणि त्यांच्या घरातच आजाऱ्यांची शुश्रूषा सुरू झाली. दुसऱ्या शहरातल्या पाळकांनी विचारलं होतं, ख्रिस्ती माणसाने साथीतून पळावं का? लूथरने पत्रात दिलेलं उत्तर दुपदरी आहे. ज्याच्यावर कुणाची जबाबदारी नाही त्याने सुरक्षित जागी जाण्यात पाप नाही. पाळक, अधिकारी, वैद्य, आजाऱ्याचे जवळचे यांनी मात्र दुसरी सोय झाल्याशिवाय जागा सोडू नये. स्वतःबद्दल तो म्हणतो की मी देवाकडे रक्षण मागेन, मग हवा शुद्ध करीन, औषध देईन आणि घेईन, जिथे माझी गरज नाही तिथे जाणार नाही, म्हणजे माझ्यामुळे दुसऱ्याला लागण होऊन तो मरायला नको. पण शेजाऱ्याला माझी गरज पडली तर कुठलीही जागा आणि कुठलाही माणूस टाळणार नाही.

साथीत निर्णय घेण्यासाठी याहून चांगली कसोटी मला माहीत नाही. प्रत्येक वेळी दोनच प्रश्न विचारायचे. तिथे माझी खरोखर गरज आहे का? आणि माझ्या जाण्याने कुणाला अपाय होईल का? गरज नसेल तर घरी थांबणं ही प्रीती आहे. गरज असेल तर पूर्ण काळजी घेऊन जाणं ही प्रीती आहे. यात बहादुरी आणि भित्रेपणा हे शब्द आणूच नयेत.

२. आजार कसा पसरतो ते समजून घ्या, मग नियम आपोआप पटतात

श्वसनाचा विषाणू खोकल्याच्या थेंबांतून पसरतो, तसाच बोलताना, गाताना, नुसता श्वास सोडताना बाहेर पडणाऱ्या अतिसूक्ष्म कणांतूनही पसरतो. बंद खोलीत हे कण बराच वेळ हवेत तरंगत राहतात. म्हणून सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे हवा खेळती ठेवणं. समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा खिडकी आणि दार उघडं ठेवा. एकच खिडकी असेल तर तिच्यात पंखा बाहेरच्या दिशेने तोंड करून लावा, खोलीतली हवा बाहेर जाईल. पाहुणे येऊन गेले की थोडा वेळ खिडक्या तशाच राहू द्या.

मास्क नाक, तोंड आणि हनुवटी झाकून चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगाचा. एन-९५ प्रकारचा साध्या कापडी मास्कपेक्षा कितीतरी अधिक संरक्षण देतो. दोन वर्षांखालच्या मुलांना मास्क लावू नये. हात साबणाने किमान २० सेकंद धुवावेत. पाणी नसेल तर किमान ६० टक्के अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर चालतं.

लसीविषयी आपल्यात बरीच कुजबुज होते, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. १७२१ मध्ये बोस्टनमध्ये देवीची साथ आली तेव्हा देवी टोचून घेण्याचा आग्रह धरणारा कॉटन मॅदर हा चर्चचा पाळक होता. त्याला ही पद्धत सांगितली होती ओनेसिमस नावाच्या, त्याच्याच घरी गुलाम म्हणून राबणाऱ्या आफ्रिकी माणसाने. लोकांनी मॅदरला प्रचंड विरोध केला. पण टोचून घेतलेल्यांत मृत्यूचं प्रमाण नैसर्गिक लागण झालेल्यांपेक्षा खूपच कमी निघालं. आजच्या लशी त्या टोचणीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहेत. तुम्हाला एखादी ॲलर्जी असेल, गर्भारपण असेल, आधीचा आजार असेल, तर तुमच्या डॉक्टरांना विचारा; प्रार्थनासभेत कुणी सांगितलं म्हणून घेऊ नका आणि कुणी सांगितलं म्हणून टाळूही नका.

मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयविकार यांची चालू औषधं महिन्याभराची तरी घरात असू द्या, आणि ती साथीच्या भीतीने किंवा उपास-प्रार्थनेच्या नावाखाली बंद करू नका. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी अन्नाचा उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरूच नये. त्यांच्यासाठी मोबाइलचा, बातम्यांचा उपास आहे. साथीच्या दिवसांत तोच जास्त कठीण जातो.

३. घरात कुणी आजारी पडलं तर

इथे घाई करू नका, पायरीपायरीने जा. ताप, खोकला, घसा दुखणं सुरू झालं की तपासणीच्या निकालाची वाट न पाहता त्या व्यक्तीला वेगळी खोली द्या, खिडकीची असेल तर उत्तम. वेगळी खोली नसेल तर खोलीतली सर्वांत हवेशीर जागा द्या, बाकीच्यांनी शक्य तितकं अंतर ठेवावं, आणि आजारी व सेवा करणारा दोघांनीही मास्क लावावा. सेवा करणारी व्यक्ती एकच ठरवा: तब्येतीने धडधाकट, लस घेतलेली, म्हाताऱ्या आईवडिलांच्या खोलीत सारखी ये-जा नसलेली. ताट-वाटी वेगळी ठेवा. साबणाने नीट घासली की पुरे. दाराची कडी, नळ, स्विच रोज पुसा.

दाराबाहेर एक वही ठेवा. तारीख, वेळ, ताप, ऑक्सिजन, लघवी होते आहे ना, काय खाल्लं-प्यायलं, कोणतं औषध दिलं. रात्री तीन वाजता डॉक्टरांना फोन करावा लागला तर घाबरलेल्या डोक्याला काही आठवत नाही, वही सगळं सांगते.

रक्तातला ऑक्सिजन मोजणारा, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असेल तर तो नीट वापरायला शिका. आजाऱ्याला पाच मिनिटं शांत बसू द्या. बोट गार असेल तर चोळून गरम करा, नखाला रंग असेल तर काढा. हात छातीच्या पातळीवर टेकवून ठेवा, मिनिटभर थांबा, आकडा स्थिरावला की लिहा. तो ९४ च्या खाली येऊ लागला तर डॉक्टरांना लगेच कळवा. ९० किंवा त्याहून खाली गेला तर रुग्णालय गाठा. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, म्हणून आकडा चांगला दिसला तरी माणसाकडे बघा. बोलताना धाप लागणं, छातीत सतत दुखणं किंवा दाब, ओठ निळसर पडणं, गोंधळल्यासारखं बोलणं, उठवून न उठणं, यातलं काहीही दिसलं की आकड्याची वाट न पाहता निघा. "आधी पाळकसाहेबांना बोलवू, प्रार्थना होऊ दे, मग बघू" असं करू नका. प्रार्थना रुग्णवाहिकेत होऊ शकते आणि पाळकसाहेब फोनवरून करू शकतात.

विषाणूच्या तापावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरची स्टिरॉइडं स्वतःहून सुरू करणं धोक्याचं आहे. मुलांना तापात ॲस्पिरिन देऊ नये. भरपूर पाणी, विश्रांती, डॉक्टरांनी सांगितलेलं तापाचं औषध, एवढ्यावर बहुतेक जण घरीच बरे होतात.

आणि आजाऱ्याचा आत्मा? बंद खोलीत पडलेल्या माणसाला सर्वांत जास्त टोचतो तो एकटेपणा. रोज एक ठरलेली वेळ घ्या, दाराशी खुर्ची टाका, मास्क लावा, दार किलकिलं ठेवून एक छोटं स्तोत्र मोठ्याने वाचा आणि त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा. लांबलचक नको, तापात डोकं जड असतं. याकोब ५:१४ प्रमाणे तेलाचा अभिषेक हवा असेल तर पाळक किंवा मंडळीचे वडील (मंडळीतले जबाबदार ज्येष्ठ) मास्क लावून, हात निर्जंतुक करून, कापसाच्या बोळ्याने तेल लावू शकतात. बोळा लगेच टाकून द्यायचा. तेही शक्य नसेल तर घरातलाच कुणी तेल लावेल आणि मंडळीचे वडील फोनवर प्रार्थना करतील. त्या प्रार्थनेत काही उणं राहत नाही.

४. घरची उपासना

मंदिर बंद झालं की विश्वास वाऱ्यावर पडतो अशी भीती खूप जणांना वाटते. १५७६ मध्ये मिलानमध्ये प्लेग आला, लोकांना घरात राहण्याची सक्ती झाली, तेव्हा आर्चबिशप चार्ल्स बोरोमियो यांनी रस्त्यांच्या चौकांत वेद्या उभारायला लावल्या, म्हणजे लोकांना आपापल्या खिडकीतून मिस्सा पाहता यावी. चर्चची दारं बंद असणं ही नवी गोष्ट नाही. उपासना तेव्हाही थांबली नव्हती.

रविवारची वेळ ठरवून घ्या आणि ती पाळा. अंघोळ करून, बाहेर जायचे कपडे घालून बसा. अंथरुणात पडून मोबाइलवर उपासना पाहिली की पंधरा मिनिटांत बोट दुसरीकडे सरकतंच. मंडळीची ऑनलाइन उपासना असेल तर मोबाइल हातात धरण्यापेक्षा टेबलावर उभा ठेवा आणि गीत सुरू झालं की घरच्यांनी खरोखर गावं. ऑनलाइन सोय नसेल तर घरचा क्रम सोपा ठेवा: मिनिटभर शांतता, एक स्तोत्र आळीपाळीने, शुभवर्तमानातला एक उतारा, त्यावर एकच प्रश्न (या उताऱ्यात येशू कुणाकडे पाहतो आहे?), मग नावं घेऊन मध्यस्थीची प्रार्थना, शेवटी प्रभूची प्रार्थना. अर्ध्या तासात होतं. उतारा वाचण्याचं काम मुलांकडे द्या. अडखळत वाचलेलं वचनही घर कान देऊन ऐकतं.

एकट्या राहणाऱ्यांसाठी मत्तय ६:६ आहे: खोलीत जा, दार लावून घे, गुप्तवासी पित्याला प्रार्थना कर. पण त्यांना या वचनावर सोपवून मोकळं होऊ नका. प्रत्येक एकट्या व्यक्तीला एका कुटुंबाच्या उपासनेत फोनवर जोडून घ्या.

प्रभुभोजनाबाबत प्रत्येक मंडळीची शिस्त वेगळी आहे. काही मंडळ्या घरी भाकर आणि द्राक्षरस घेऊ देतात, काही मुळीच देत नाहीत. कॅथलिक परंपरेत प्रत्यक्ष ख्रिस्तप्रसाद मिळत नसेल तेव्हा मनाने प्रभूला स्वीकारण्याची जुनी प्रार्थना आहे. आपल्या मंडळीने जे ठरवलं आहे ते पाळा आणि दुसऱ्या मंडळीला नावं ठेवू नका. ही भूक लागणं वाईट नाही. पौलालाही थेस्सलनीकाकरांना भेटता येत नव्हतं. देहाने दूर झालो, मनाने नाही, आणि तुमचं तोंड पाहायची फार उत्कंठा आहे, असं त्याने लिहिलं.

५. मंडळी पुन्हा एकत्र येते तेव्हा

१० मार्च २०२० रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाचा अडीच तास सराव झाला. ६१ जण आले होते, त्यांतल्या एकाला लक्षणं होती. पुढे त्यांतल्या ५३ जणांना कोविड झाल्याचं निदान किंवा दाट संशय निघाला आणि दोघं दगावले. कुणी बेफिकीर नव्हतं. बंद जागा, बराच वेळ, जवळ जवळ उभं राहून मोठ्याने गाणं, एवढं पुरलं.

आपल्या उपासनेत हे तिन्ही घटक असतात, म्हणून तिन्ही कमी करायचे. जमेल तर उपासना मोकळ्या आवारात घ्या. आत घेतली तर सगळ्या खिडक्या-दारं सताड उघडी हवीत, मग पाऊस-थंडीची गैरसोय झाली तरी चालेल. साथ जोरात असताना उपासना पाऊण तासाची करा, गायनवृंदाऐवजी एक-दोन जणांनी गावं, बाकीच्यांनी मास्कमध्ये हलक्या आवाजात साथ द्यावी. हातात हात देऊन शांती देण्याऐवजी नमस्कार करा. अर्पणाची पिशवी फिरवण्यापेक्षा दाराशी पेटी ठेवा. प्रभुभोजनाचा सामायिक पेला बाजूला ठेवा. वेगवेगळे छोटे पेले वापरा किंवा केवळ भाकर द्या. वाढणाऱ्याने आधी हात धुवावेत, मास्क लावावा आणि वाढताना बोलू नये. वचन आधीच सर्वांसाठी मोठ्याने म्हणावं.

सर्वांत महत्त्वाची सूचना व्यासपीठावरून, दर आठवड्याला, स्पष्ट शब्दांत द्यावी लागते: ज्यांना बरं नाही त्यांनी येऊ नका, आणि न येणं हे पाप नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षं ताप अंगात घेऊन उपासनेला येणाऱ्याचं कौतुक झालं आहे. इब्री १०:२५ मध्ये एकत्र येणं सोडू नका असं आहे ते खरं, पण त्याच्या आदल्याच वचनात एकमेकांना प्रीतीसाठी उत्तेजन द्या असं आहे. खोकत येऊन पुढच्या बाकावरच्या वृद्धाला आजार देणं त्या वचनात बसत नाही. १६६५-६६ मध्ये इंग्लंडमधल्या ईम या गावात प्लेग आला तेव्हा पाळक विल्यम मॉम्पेसन यांनी गावकऱ्यांना गावाबाहेर न जाण्याची विनंती केली, म्हणजे आजूबाजूची गावं वाचतील. चर्च बंद करून त्यांनी उपासना उघड्यावर घेतली, माणसं एकमेकांपासून दूर उभी राहिली. मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीन त्याच साथीत गेली. घरी थांबणं हीसुद्धा केवढी मोठी सेवा असते, हे त्या गावाने दाखवलं.

६. शेजारी

तिसऱ्या शतकातल्या भीषण साथीत कार्थेजचा बिशप सिप्रियन याने ख्रिस्ती लोकांना केवळ आपल्यांची नव्हे तर छळ करणाऱ्यांचीही सेवा करायला सांगितलं. अलेक्झांड्रियाचा बिशप दिओनिसियस लिहितो की कितीतरी भावाबहिणींनी आजाऱ्यांना जपलं आणि त्यांच्यासोबतच प्राण सोडले. त्यांच्याकडे मास्क नव्हते, लस नव्हती, विषाणू म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. आपल्याकडे हे सगळं आहे, म्हणून आपली सेवा त्यांच्याहून सुरक्षित असायला हवी, कमी नव्हे.

मंडळीची यादी घ्या आणि घरं वाटून द्या. एका स्वयंसेवकाकडे पाच-सहा घरांपेक्षा जास्त नकोत. आठवड्यातून दोन फोन. एकटे, वृद्ध, हातावर पोट असणारे, घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रिया आणि मुलं यांच्याकडे अधिक लक्ष. प्रत्यक्ष सामान पोहोचवायला धडधाकट तरुणांनी जावं. दाराशी ठेवायचं, बेल वाजवायची, मागे सरकून खुशाली विचारायची. पैशांची मदत गुपचूप द्या. फोटो काढू नका.

फोन कसा करायचा हे शिकावं लागतं, कारण बहुतेक जण पहिल्याच मिनिटात उपदेश सुरू करतात. आधी साधं विचारा: "जेवलात का? औषध आहे ना? झोप लागते का?" मग गप्प बसा. समोरचा रडला तर रडू द्या. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री एक शब्दही न बोलता त्याच्याजवळ बसले. त्यांचं बिघडलं ते बोलायला लागल्यावर. शेवटी विचारा, "प्रार्थना करू का?" आणि हो म्हटलं तर चार वाक्यांत, समोरच्याने सांगितलेल्या त्याच गोष्टींसाठी करा. पुढचा फोन कधी ते सांगा आणि त्या वेळी कराच.

७. ऐकीव बातमी

खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा फॉरवर्ड केलेल्या संदेशालाही लागू आहे. अमुक काढ्याने विषाणू मरतो, अमुक समाजाने साथ पसरवली, लस म्हणजे श्वापदाची खूण: असले संदेश ख्रिस्ती गटांत वचनांच्या जोडीने फिरतात आणि त्यातून माणसं मरतात. पाठवण्याआधी सरकारी आरोग्य विभाग किंवा जागतिक आरोग्य संघटना काय म्हणते ते पाहा. खात्री नसेल तर पाठवू नका. एखाद्या जातीला किंवा धर्माला दोष देणारा संदेश खात्री करण्याच्याही लायकीचा नसतो.

८. भीती, थकवा आणि देवाशी भांडण

एलीया झुडपाखाली पडून "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणाला तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, खायला दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. शिकवण नंतर आली. साथीत खचलेल्या माणसासाठी, विशेषतः आजाऱ्याची सेवा करून दमलेल्यासाठी, हाच क्रम ठेवा. ठरलेल्या वेळी झोप, थोडं चालणं, बातम्या दिवसातून एकदाच, आणि रोज एका तरी माणसाशी मोकळं बोलणं.

देवाकडे तक्रार करायला घाबरू नका. "हे परमेश्वरा, कोठवर?" हे स्तोत्र १३ चं पहिलं वाक्य आहे. स्तोत्र ८८ तर काळोखातच संपतं, आशेच्या एका ओळीशिवाय, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. ज्याला प्रार्थना सुचत नाही त्याने ही स्तोत्रं मोठ्याने वाचावीत. ती आधी कुणीतरी आपल्यासाठी रडून ठेवलेली आहेत.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, कशात रस नाही, मरणाचे विचार येतात, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. स्वतःला संपवण्याचा विचार पक्का होऊ लागला असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, लगेच मदत मिळवा. हा सैतानाचा हल्ला आहे असं म्हणून त्याला उपास-प्रार्थनेला बसवणं क्रूरपणाचं आहे.

पाळकांसाठीही कुणीतरी हवं. मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर दोन्हीकडून ते धरून उभे राहिले. वडीलमंडळींनी पाळकांना आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी सक्तीने द्यावी आणि त्या दिवशीचे फोन स्वतः घ्यावेत.

९. मृत्यू घरात आला तर

आधीपासून तयारी ठेवणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे. इच्छापत्र, बँकेचे आणि विम्याचे कागद, महत्त्वाचे फोन नंबर एका ठिकाणी ठेवा. कुठली गीतं, कुठला उतारा हवा हेही लिहून ठेवा. रुग्णालयात भेट होत नसेल तर परिचारिकेला विनंती करून फोन कानाशी धरायला सांगा आणि बोला. क्षमा मागा, क्षमा द्या, आभार माना, स्तोत्र २३ म्हणा. बेशुद्ध माणसालाही ऐकू येत असेल असं धरून बोला.

अंत्यविधीला मोजकीच माणसं जाऊ शकतात तेव्हा त्याच वेळी बाकीच्यांनी आपापल्या घरी तोच उतारा वाचावा. दफन घाईत आटोपलं असेल तर स्मरणाची उपासना पुढे नीट घ्यायची हे त्याच दिवशी कुटुंबाला सांगा.

कोणत्या पापामुळे हे झालं, असं चुकूनही म्हणू नका. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी तोच प्रश्न विचारला आणि येशूने तो खोडून काढला (योहान ९). शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते इतरांहून अधिक दोषी होते असं समजू नका, असंही त्याने सांगितलं (लूक १३). "विश्वास कमी पडला" हे वाक्य तर विधवेच्या कानावर आयुष्यभर राहतं.

१०. साथ ओसरल्यावर

परत न आलेल्यांची यादी करा आणि रागावायला नव्हे, विचारपूस करायला जा. काहींची धाप, थकवा, विसराळूपणा महिनोन्‌महिने राहतो. त्यांना आळशी म्हणू नका, बसून उपासना करू द्या, ऑनलाइन सोय त्यांच्यासाठी चालू ठेवा. राहिलेल्या स्मरणाच्या उपासना वर्षाच्या आत पूर्ण करा, प्रत्येकाचं नाव वाचून. नोकरी गेलेल्या कुटुंबांची मदत साथीबरोबर थांबवू नका, कर्ज त्यानंतरही फिटायचं असतं. आणि खिडक्या उघड्या ठेवण्याची, आजारी असताना घरी थांबण्याची, आठवड्याच्या दोन फोनांची जबाबदारी कुणाकडे राहील ते पुढच्या वार्षिक सभेत नावानिशी ठरवून कार्यवृत्तात लिहून घ्या.